डॅनिशमधलं ‘ब्लीवे’: राहता राहता ‘होणे’ झालेलं क्रियापद

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते इतरांनाही कळेल. तुम्ही नोकरीनिमित्त ओडेन्सेला आहात आणि संध्याकाळी डॅनिशच्या वर्गाला जाता. वर्गात ‘ब्लीवे’ म्हणजे ‘होणे’ असं शिकवलं. पण बसचालक ‘ब्लीव्ह सिद्देन्दे’ म्हणाला तेव्हा कुणाचं काही झालं नाही, सगळे नुसते बसून राहिले. मग एकच क्रियापद ‘होणे’ आणि ‘राहणे’ दोन्ही कसं? इंग्रजी ‘लिव्ह’ किंवा ‘बिलीव्ह’शी त्याचं काही नातं आहे का? आणि तुमचा सहकारी छातीठोकपणे सांगतो तसं ते आपलं संस्कृत ‘भव’च का?

शेवटचं आधी निकालात काढू. ‘भव’ नाही. ‘लिव्ह’शी नातं आहे, अगदी जवळचं. ‘बिलीव्ह’शी नाही, पण तिथेही सांगण्यासारखं काही आहे. आणि संस्कृतशी नातं हवंच असेल तर तेही आहे, फक्त ते ‘भू’ धातूशी नसून ‘लिप्’शी आहे. म्हणजे आपण भिंत लिंपतो त्या लिंपण्याशी. तिथपर्यंत पोहोचायला जरा वळसा घ्यावा लागेल.

उच्चाराबद्दल एवढंच: हे शब्द मी डॅनिश लिखाणाला धरून देवनागरीत लिहितो आहे. रोमन लिपीत बी, एल, आय, व्ही, ई अशी पाच अक्षरं. बोलताना त्यातली निम्मी गिळली जातात. ‘ब्लीवे’ नुसतं ‘ब्ली’ होतं, वर्तमानकाळातलं ‘ब्लीवर’ जेमतेम ‘ब्लिअ’ ऐकू येतं. सतत तोंडात असणाऱ्या क्रियापदांचं असंच होतं. ‘झालं आहे’चं आपण ‘झालंय’ केलं तेव्हा कुणाची परवानगी घेतली होती?

मी या भाषेकडे जर्मनमार्गे आलो. गेली पंचवीसेक वर्षं जर्मन आणि डॅनिश मजकुरांचे अनुवाद करतो आणि शिकवतो, पण सुरुवातीला ‘ब्लीवे’ने मला चांगलंच तोंडघशी पाडलं होतं. कोपनहेगनमधल्या एका बेकरीत पाव आणि काही गोड घेतलं, शंभर क्रोनची नोट पुढे ठेवली. बाई म्हणाल्या, ‘दे ब्लीवर फेमओफिर्स.’ फेमओफिर्स म्हणजे पंच्याऐंशी. पाच आधी आणि ऐंशी नंतर, अगदी आपल्यासारखं. जर्मनमध्ये ‘ब्लायबेन’ म्हणजे राहणे, उरणे. मी डोक्यात हिशोब केला की पंच्याऐंशी उरले, म्हणजे तेवढे परत मिळणार. पाव फारच स्वस्त वाटला. हात पुढे करून उभा राहिलो, हातावर पंधरा क्रोन पडले, तरी मी तिथेच उभा. मागे रांग. बाईंनी शांतपणे पावतीवर बोट ठेवलं. त्या म्हणाल्या होत्या, ‘पंच्याऐंशी झाले.’ आपणही दुकानात ‘किती झाले?’ असंच विचारतो. जर्मन बाजूला ठेवून मराठीत ऐकलं असतं, तर इतकी फजिती झाली नसती.

‘राहणे’च्या बाजूचंही तसंच. ठरलेल्या वेळेला तुम्ही पोहोचला नाहीत तर डॅनिश मित्र फोन करून विचारेल, ‘व्होर ब्लीवर दू अ?’ शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत याचं काहीच होत नाही. मराठीत होतं: ‘अरे, कुठे राहिलास?’ आपणही उशीर करणाऱ्याला कुठे ‘आहेस’ असं न म्हणता कुठे ‘राहिलास’ म्हणतो. पाऊस पडतच राहिला, तर ते ‘ब्लीवे वेद’ वापरतात, म्हणजे हुबेहूब आपलं ‘-त राहणे’. अन्न उरलं तर ‘ब्लीवे तिल ओव्हर्स’. मुलाला विचारतात, ‘मोठा झाल्यावर कोण होणार?’ त्यातल्या ‘मोठा झाल्यावर’ला ‘ब्लीवर स्तोर’. उद्या पाऊस असेल तर ‘दे ब्लीवर राइन’.

घोळ टाळायला एक साधी खूण पुरते. पुढे जागा आली (इथे, घरी, गावात) किंवा बसलेला, उभा, पडलेला, लटकलेला असं अंगाची स्थिती सांगणारं रूप आलं, तर ‘राहणे’. पुढे विशेषण किंवा नाम आलं (म्हातारा, आजारी, शिक्षक), तर ‘होणे’. ‘हान ब्लेव्ह लेरर’ म्हणजे तो शिक्षक झाला. ‘तो शिक्षकच राहिला’ असा अर्थ त्यातून निघत नाही. तसं म्हणायचं असेल तर ‘फोरब्लीवे’ हे वेगळं, जरा कागदी क्रियापद आहे. तुमच्या बसचालकाने ‘सिद्देन्दे’, म्हणजे ‘बसलेले’ म्हटलं, तिथेच निकाल लागला.

आता हे आलं कुठून. डॅनिश माणसाला विचारलंत तर तो हा शब्द आपलाच समजेल, पण तो परका आहे. उत्तर जर्मनीच्या किनारपट्टीवर बोलली जाणारी मध्ययुगीन निम्न जर्मन, तिच्यातल्या ‘ब्लीवेन’वरून तो डॅनिशमध्ये आला. परका असल्याची खूण त्याच्या तोंडावरच आहे. सुरुवातीचा ‘ब’ मुळात ‘बि-’ किंवा ‘बे-’ हा उपसर्ग, इंग्रजी ‘बाय’चा भाऊ. ‘बि-लीबन’ असा मूळ शब्द, मधला स्वर गळून ‘ब्ली-’ झालं. चौथ्या शतकातल्या गॉथिक भाषेत (जर्मनची आता लुप्त झालेली नातलग) तो अजून न गळता ‘बिलीबन’ असा दिसतो. स्कँडिनेव्हियाच्या भाषांनी असे आघात नसलेले उपसर्ग फार पूर्वीच, लेखी परंपरा सुरू होण्याआधीच झटकून टाकले होते. म्हणून जर्मनमध्ये ‘गेनीसेन’ (उपभोगणे), तर डॅनिशमध्ये नुसतं ‘न्यूदे’. त्यामुळे डॅनिशमध्ये ‘बे-’ने सुरू होणारं क्रियापद दिसलं की त्याचं मूळ गाव विचारावं. बेताले (पैसे देणे), बेग्यूने (सुरू करणे), बेत्यूदे (अर्थ असणे), बेसोये (भेटायला जाणे): सगळे दक्षिणेकडून आलेले. ‘ब्लीवे’ त्याच काफिल्यातलं, फक्त उपसर्ग इतका झिजला की ओळखू येत नाही.

हा काफिला हान्सा, म्हणजे उत्तर जर्मन व्यापारी शहरांच्या संघातल्या व्यापाऱ्यांचा. ल्यूबेक हे त्यांचं मुख्य शहर. हेरिंग मासा, मीठ, कापड, धान्य असा बाल्टिक समुद्रावरचा बहुतेक व्यापार त्यांच्या हातात होता. १३७० च्या श्ट्रालझुंडच्या तहात तर डेन्मार्कला या व्यापारी शहरांपुढे मान तुकवावी लागली. १४४८ मध्ये डेन्मार्कच्या गादीवर ओल्डेनबुर्गचा क्रिस्तियान बसला, तोही जर्मन घराण्यातला. बंदरांच्या गावांमध्ये कारागीर, सावकार, बायका, नोकरचाकर दोन्ही भाषा कानावर घेतच वाढत होते. भाषाही इतक्या जवळच्या की अर्ध्यामुर्ध्या एकमेकींना कळायच्या. अशा ठिकाणी फक्त वस्तूंची नावं येऊन थांबत नाहीत, वाक्याचे सांधेही येतात. डॅनिशमधला ‘पण’, म्हणजे ‘मेन’, निम्न जर्मनमधूनच आलेला. ‘कदाचित’साठीचा ‘मोस्के’ तिकडच्याच शब्दाचा साचा. आपल्याकडे फारसी-अरबीने ‘शिवाय’ दिला, वाक्यं जोडणारा ‘की’ दिला, ‘बदलणे’, ‘खर्चणे’ अशी क्रियापदं दिली. पण ‘होणे’ला हात लागला नाही. डॅनिशमध्ये मात्र तिथपर्यंत हात पोहोचला, आणि मला यातलं हेच सगळ्यात विलक्षण वाटतं. ‘होणे’साठी कोणी परक्या दारात जातं का?

बरं, जागा रिकामी होती असंही नाही. जुन्या डॅनिशमध्ये ‘होणे’साठी धडधाकट देशी क्रियापद होतं, पुढे ‘वोर्दे’ असं लिहिलं गेलेलं. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या मध्ययुगीन भाषेत, ते ‘वेर्दा’, आइसलँडिकमध्ये आजही तेच. जर्मनमध्ये ‘वेर्डेन’. नॉर्वेत नीनॉर्स्क (नॉर्वेजियनच्या दोन लेखी रूपांपैकी एक) लिहिणारे अजून ‘वेर्ते’ लिहितात, शेजारी ‘ब्ली’ही चालतं. डेन्मार्कमध्ये मात्र त्याची हकालपट्टी झाली आणि थोडे अवशेष उरले. गरोदर बाईला ‘वोर्देन्दे मोर’ म्हणतात, होणारी आई. एखादी गोष्ट अजून आकार घेत असेल तर ती ‘इ सिन वोर्देन’ असते. आणि एक अवशेष तुम्हाला कुठल्याही डॅनिश चर्चमध्ये रविवारी ऐकायला मिळेल. ख्रिस्ताने शिकवलेल्या प्रार्थनेची तिथे दोन रूपं चालतात. जुन्यात ‘हेलिगेत वोर्दे दित नाव्हन’, तुझं नाव पवित्र होवो. १९९२ च्या बायबलच्या भाषांतरातल्या रूपात तेच वाक्य ‘हेलिगेत ब्लीवे दित नाव्हन’. एक शब्द बदलला, बाकी वाक्य तसंच. देशी शब्द म्हाताऱ्यांच्या तोंडी आणि बाहेरून आलेला अधिकृत पुस्तकात, अशी अदलाबदल इतक्या जवळून क्वचितच पाहायला मिळते.

या हकललेल्या क्रियापदाचं मूळ आपल्या ओळखीचं आहे: संस्कृत ‘वृत्’, वर्तते. फिरणे, वळणे. त्यातूनच आपलं वर्तुळ, वर्तन, आणि ‘वर्त्मन्’वरून झिजत आलेली वाट. वळत वळत एखाद्या स्थितीला येणे म्हणजे होणे, असा जर्मानिक भाषांचा, म्हणजे जर्मन, इंग्रजी, डॅनिश यांच्या कुळाचा विचार. नॉर्स पुराणात नशीब ठरवणाऱ्या तीन स्त्रिया आहेत. त्यातल्या एकीचं नाव उर्द, दुसरीचं वेर्दान्दी, दोन्ही याच क्रियापदावरून. वेर्दान्दी हे त्याचं वर्तमानकालवाचक धातुसाधित, ‘होत असलेली’. संस्कृतमध्ये त्याच धातूचं तसंच धातुसाधित काढलं तर काय मिळतं? वर्तमान. सकाळी दारात पडणाऱ्या वर्तमानपत्रात ती बाई बसलेली आहे.

‘वोर्दे’ कशामुळे हरलं? माझं मत सांगतो. एक तर त्याची रूपं फार वेडीवाकडी होती, दर काळात स्वर वेगळा. त्यात भूतकाळाचं ‘वार्त’ आणि ‘होता’चं ‘वार’ कानाला जवळजवळ सारखं. ‘झाला’ आणि ‘होता’ यांची सरमिसळ होत असेल तर बोलणारा सोयीचा शब्द शोधतोच. शेजारी ‘ब्लीवे, ब्लेव्ह’ सरळ साधं उभं होतं.

पण निम्न जर्मनमध्ये तर ते मुख्यतः ‘राहणे’च होतं. मग ‘होणे’ कसं झालं? इथे मराठीची फार मदत होते, कारण ही उडी आपणही मारली आहे, फक्त लक्षात येत नाही. ‘ती गरोदर राहिली.’ ‘तिला दिवस राहिले.’ इथे ‘राहणे’ म्हणजे आधीपासून होती तशीच राहिली असं मुळीच नाही. नव्हती ती झाली. दुसरं उदाहरण ‘ठरणे’. हिंदीत ‘ठहरना’ म्हणजे थांबणे, मुक्काम करणे. आपलं ‘ठरणे’ त्याच घरातलं, पण आपण म्हणतो ‘अंदाज खोटा ठरला’, ‘तो दोषी ठरला’. थांबण्यातून निश्चित होणं, आणि निश्चित होण्यातून नुसतंच होणं.

डॅनिशमध्येही अशाच सांध्यावरच्या वाक्यांनी काम केलं असणार. एक अजून जिवंत आहे: ‘कात्तेन एर ब्लेवेत वेक’. मांजर हरवली. शब्दशः पाहिलं तर ‘मांजर दूर राहिली’. घरी आली नाही, बाहेरच राहिली, म्हणजेच नाहीशी झाली. ऐकणाऱ्याने कुठलाही अर्थ घेतला तरी मांजर मिळत नाही ती नाहीच. कोळी समुद्रावर गेला आणि परतला नाही, तर ‘हान ब्लेव्ह पो हाव्हेत’, तो समुद्रावरच राहिला. डच भाषेतही बुडालेल्या खलाशांबद्दल असंच बोलतात. निम्न जर्मनमध्ये ‘मेलेला राहणे’ असाही प्रयोग होता, रणात पडलेल्यांसाठी. लढाई संपली, बाकीचे उठून निघून गेले, तो मेलेला राहिला. सांगणाऱ्याला ‘राहिला’ म्हणायचं असतं, ऐकणाऱ्याला कळतं ते ‘मेला’. अशी वाक्यं पिढ्यान्‌पिढ्या कानावर पडली की पुढची पिढी ‘आजारी ब्लेव्ह’, ‘श्रीमंत ब्लेव्ह’ बिनदिक्कत म्हणू लागते. जर्मन तिथे पोहोचली नाही, कारण तिच्याकडे ‘वेर्डेन’ घट्ट बसलेलं होतं. डॅनिश आणि स्वीडिशमध्ये खुर्ची डळमळीत होती.

आता आणखी मागे जाऊ, लिंपण्याकडे. ‘बि-लीबन’मधला ‘लीब्’ हा भाग इंडो-युरोपीय मूळ भाषेत ‘लेइप्’ असा असावा, अर्थ ‘चिकट पदार्थ फासणे, चिकटणे’. संस्कृतमध्ये त्याचं लिम्पति, लिप्त, लेप. मराठीत लिंपणे, लेप, अलिप्त. ग्रीकमध्ये ‘लिपोस’ म्हणजे चरबी. रशियनमध्ये ‘लीप्नुत्’, चिकटणे. चिकटलं ते जागचं हलत नाही, म्हणून राहिलं. मराठीला हाही पूल नवा नाही. ‘पोरगा सरकारी नोकरीत चिकटला’ म्हणताना आपण डिंकाचा विचार करत नाही. लागला आणि टिकला, एवढंच. हा अर्थबदल बहुधा फार जुना आहे, कारण आजच्या चीनच्या शिंजियांगमधल्या वाळवंटात सापडलेल्या तोखारी हस्तलिखितांतही ‘लिप्’ म्हणजे ‘उरणे’.

‘प’चा ‘ब’ कसा झाला, असं तुम्ही विचारालच. त्याचं उत्तर शोधणारे दोघेही डॅनिश. पहिला रास्मुस रास्क. १८१८ मध्ये छापलेल्या त्याच्या ग्रंथात दक्षिणेकडच्या ‘प’ला उत्तरेकडे ‘फ’ मिळतो, अशा ध्वनींच्या जोड्या त्याने मांडल्या. आपल्या शब्दांत: पितृ आणि फादर, पाद आणि फोद, पंच आणि फेम, पशु आणि फे (गुरं). हाच रास्क पुढे रशिया आणि इराण ओलांडून १८२० मध्ये मुंबईला आला, पारशी लोकांकडून अवेस्ता आणि पहलवीची हस्तलिखितं मिळवली, श्रीलंकेला गेला आणि १८२३ मध्ये ती घेऊन कोपनहेगनला परतला. ती आजही तिथल्या राजग्रंथालयात आहेत.

दुसरा कार्ल वेर्नर, आर्हुसचा. रास्कच्या नियमाने ‘प’चा ‘फ’ व्हायला हवा, मग कित्येक ठिकाणी ‘ब’ का? असं सांगतात की दुपारी झोप लागावी म्हणून त्याने जर्मन भाषाशास्त्रज्ञ बॉपचं तौलनिक व्याकरण हातात घेतलं आणि समोर संस्कृतचे दोन शब्द दिसले: पितृ आणि भ्रातृ. एकात वैदिक स्वराघात शेवटी, दुसऱ्यात सुरुवातीला. झोप उडाली. आघात आधीच्या अक्षरावर असेल तर व्यंजन कठोर राहतं, नसेल तर मृदू होतं, हे त्याने १८७७ मध्ये छापून दाखवलं. वेदपाठकांनी हजारो वर्षं जपलेल्या उदात्त-अनुदात्ताने डॅनिश व्यंजनांचं कोडं सुटलं. आपल्या शब्दाला हे लावून पाहा. संस्कृत ‘लेपयति’त आघात ‘लेप’वर नाही, पुढे आहे. नेमकं त्याच घडणीचं जर्मानिक ‘लैबियन’, ‘राहू देणे’, त्यात ‘ब’ आला. तेच इंग्रजी ‘लीव्ह’, सोडून जाणे. म्हणजे ‘लीव्ह’ हे हाडामांसाने ‘लेपयति’ आहे. ‘बि-लीबन’च्या वर्तमानकाळात खरं तर ‘फ’ अपेक्षित होता. तिथला ‘ब’ भूतकाळाच्या अनेकवचनातून आणि धातुसाधितातून पसरला. क्रियापदांमध्ये अशी घरातल्या घरात उसनवारी चालायचीच.

या मुळाची देशी पोरंबाळं डॅनिशमध्ये भरपूर आहेत, ती दक्षिणेतून यावी लागली नाहीत. लीव्ह म्हणजे जीवन, लेवे म्हणजे जगणे: उरला तो जगला. हेच तुमचं इंग्रजी ‘लिव्ह’. लेव्हने म्हणजे ताटात उरवणे, लेव्हनिंगर म्हणजे अवशेष. तुम्ही ओडेन्सेहून दक्षिण यूलंडला गेलात तर हादर्स्लेव्ह, तिंगलेव्ह अशी गावं लागतील, कोपनहेगनच्या कडेला हेर्लेव्ह आहे. त्यातलं ‘लेव्ह’ म्हणजे मागे ठेवलेलं, वारशाने आलेलं. जर्मनीत आइसलेबेन म्हणतात, तेच हे. लाइफ हे पुरुषाचं नाव म्हणजे मागे उरलेला, वारस; ओलुफ म्हणजे पूर्वजांचा उरलेला अंश. आणि एल्लेवे, म्हणजे अकरा: दहा मोजून झाल्यावर ‘एक उरला’. तोल, बारा: ‘दोन उरले’. या दोन आकड्यांबद्दल मतभेद आहेत, कारण लिथुएनियन भाषेत असेच आकडे ‘रिच्’ या वेगळ्या धातूवरून बनलेत, पण बहुतेक जण त्यांना ‘लिप्’च्या पंगतीत बसवतात.

‘रिच्’ निघालाच आहे तर एक सापळा दाखवून ठेवतो, कारण हौशी लोक त्यात हमखास पडतात. ग्रीकमध्ये ‘लेइपो’ म्हणजे ‘मी सोडतो’. इंग्रजी ‘लीव्ह’शी रूप जुळतं, अर्थही जुळतो. तरी नातं शून्य. ग्रीकचा तो ‘प’ मुळात ओठ गोल करून उच्चारलेला ‘क’ होता, म्हणून लॅटिनमध्ये ‘लिंक्वो’ आणि संस्कृतमध्ये रिक्त, मराठीत रिता, रिकामा. डॅनिशमध्ये याचा नातलग ‘लोन’, म्हणजे कर्ज. कानाला जुळलं म्हणून मान डोलावली की आपण फसलो. तुमच्या सहकाऱ्याचं ‘भव’ही त्याच जातीचं आहे: ‘ब’ जुळला, अर्थ जुळला, मधला ‘ल’ कुठून आला हे कुणी विचारलंच नाही.

‘भू’चा खरा डॅनिश नातलग वेगळा आहे, आणि मला तो फार आवडतो: ‘बो’, म्हणजे राहणे, वस्ती करणे. तुम्ही लोकांना ‘याय बोर इ ओडेन्से’ सांगता ना, मी ओडेन्सेत राहतो, तेच. त्याच घरातून बोन्दे, शेतकरी. म्हणजे पाहा: आपलं ‘होणे’ ‘भवति’वरून आलं, आणि त्याचं डॅनिश भावंड ‘राहणे’ झालं. त्यांचं ‘राहणे’ मात्र ‘होणे’ होऊन बसलं. आणखी एक, ‘होता’साठी डॅनिश ‘वार’ म्हणते. तो आपला ‘वस्’, वसणे, वस्ती. म्हणजे राहण्याच्या धातूला असण्याच्या कामाला जुंपायची सवय या लोकांना ‘ब्लीवे’च्या आधी हजारो वर्षं होती. हिंदीचा ‘था’ही ‘स्थित’वरून आलेला, तो काही वेगळा नाही.

‘बिलीव्ह’चं राहिलंच. त्यातला ‘बि-’ तोच उपसर्ग, पण पुढचा भाग ‘लुभ्’चा, म्हणजे लोभ. त्याच मुळातून इंग्रजी ‘लव्ह’ आणि डॅनिश ‘लोवे’, वचन देणे. पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ लिहायचो तो लोभ, हावरटपणाचा नव्हे. ‘ब्लीवे’शी त्याचा संबंध फक्त उपसर्गापुरता.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण पुढच्या धड्यात येईलच: कर्मणी प्रयोग. ‘घर १८९० मध्ये बांधलं गेलं’ याला डॅनिशमध्ये ‘हूसेत ब्लेव्ह ब्यूगेत इ १८९०’. आपण कर्मणीला ‘जाणे’ लावतो, सरकारी भाषेत ‘बांधण्यात आले’ म्हणून ‘येणे’ लावतो, जर्मन लोक ‘वळणे’ लावतात, आणि डॅनिश ‘राहणे’. शिकवताना मी मुलांना फळ्यावर चारही क्रियापदं एकाखाली एक लिहून देतो आणि विचारतो, की घर गेलं, आलं, वळलं की राहिलं? पाच मिनिटं वर्ग हसतो, पण त्यानंतर कुणी चुकत नाही.

आणि ‘लिप्’वरून ‘लिपी’ आली का, हे तुम्ही शेवटी कंसात विचारलंय. शाई फासणे या अर्थाने तसं शिकवलं जातं खरं, पण मी ते ठामपणे सांगणार नाही. अशोकाच्या वायव्येकडच्या, शाहबाजगढीच्या शिलालेखात तो शब्द ‘दिपि’ असा कोरलेला आहे, आणि जुन्या पर्शियनमध्ये लेखाला ‘दिपि’च म्हणत. शब्द बहुधा तिकडून आला आणि इकडे आल्यावर ‘लिप्’च्या ओळखीने त्याचा ‘द’ जाऊन ‘ल’ झाला.